फिक्सीचा चिमटा

फिक्स्ड गिअरच्या सायकलीत भागच इतके थोडे असतात की कोणत्याही भागाचा दोष झाकायला दुसरा भाग हाताशी नसतो. गिअर बदलण्याची यंत्रणा नाही, फ्रीव्हील नाही; मागचे चाक फिरते तोवर पाय फिरत राहतात आणि पाय रोखले की चाक रोखले जाते. अशी सायकल जुळवणारी मंडळी फ्रेमवर, रिमवर आणि दात्यांच्या गुणोत्तरावर तासन्‌तास बोलू शकतात, पण पुढचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क, बहुतेकदा फ्रेमबरोबर येतो तोच घातला जातो आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. माझ्याकडे आलेल्या फ्रेमला चिमटाच नव्हता, म्हणून एरवी मी कधी केला नसता तो विचार करणे भाग पडले. त्यातून माझे असे पक्के मत झाले आहे की एखादी फिक्सी, म्हणजे फिक्स्ड गिअरची सायकल, ट्रॅकची (शर्यतीच्या बंदिस्त धावपट्टीची) आहे की रस्त्याची, हे फ्रेमपेक्षा चिमट्यावरून अधिक ठरते. आणि जो पुण्यासारख्या शहराच्या रस्त्यांवर ती चालवणार आहे त्याने चिमटाही रस्त्याचाच घ्यावा, मग तो दिसायला जरा कमी देखणा असला तरी बिघडत नाही.

फ्रेम जुनी, पोलादी, ट्रॅकसाठी बांधलेली. आधीच्या मालकाच्या हातून ती समोरून कशावर तरी आदळली होती, आणि वाकलेला चिमटा त्याने टाकून दिला होता. असा इतिहास असलेली फ्रेम घेताना पहिली तपासणी चिमट्याची नव्हे, तर हेडच्या नळीमागच्या भागाची करावी लागते; हेडची नळी म्हणजे फ्रेमच्या तोंडाची ती आखूड नळी, जिच्यात चिमट्याची नळी फिरते. वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटावरून, जोडापासून चारसहा सेंटिमीटरपर्यंत, अंगठ्याचे नख सावकाश फिरवायचे. धडकेने नळी दबली असेल तर तिथे बारीकशी लाट लागते आणि त्या लाटेवरचा रंग आडवा तडकलेला असतो. डोळ्याला जे दिसत नाही ते नखाला लागते. या फ्रेमवर तसे काही नव्हते, म्हणजे सगळा मार चिमट्याने खाल्ला होता.

मूळ चिमटा किती उंच होता हे मात्र फ्रेम सांगत नाही. ते काढावे लागते. माझ्या फ्रेमची वरची नळी मुळात जमिनीला समांतर राहील अशी आखलेली होती, त्यामुळे काम सोपे झाले. मागचे चाक बसवून फ्रेमचे तोंड टेकूवर ठेवले, वरच्या नळीवर पाणसळ ठेवून ती अगदी आडवी केली, आणि हेडच्या नळीचा कोन मोजला. तो ७४ अंश भरला. मग मागच्या चाकाच्या आसाची जमिनीपासूनची उंची पुढे नेऊन, हेडच्या नळीच्या खालच्या तोंडापासून त्या उंचीपर्यंतचे तिरके अंतर घेतले आणि त्यातून हेडसेटच्या, म्हणजे चिमटा ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या, खालच्या वाटीची जाडी वजा केली. उत्तर सुमारे ३६८ मिलिमीटर आले. क्राऊनच्या, म्हणजे चिमट्याचे दोन पाय जुळतात त्या माथ्याच्या, बैठकीपासून आसापर्यंतचे हे अंतर म्हणजे चिमट्याची खरी उंची, आणि ७०० या मापाच्या चाकाच्या ट्रॅक सायकलीला ती एवढीच असते. या आकड्याशी खेळ करायला फार वाव नाही. दोन चाकांच्या आसांमधले अंतर एका मीटरच्या आत असते, त्यामुळे चिमटा साधारण १७ मिलिमीटरने उंच झाला की हेडचा कोन एका अंशाने पडतो, बसण्याच्या नळीचाही तेवढाच पडतो आणि सगळी सायकल मागे रेलते.

म्हणूनच पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन "एक चिमटा द्या" असे म्हणता येत नाही. तिथे जो चिमटा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दणकट मिळतो तो काळ्या, उंच, राले धाटणीच्या सायकलीचा. तो २८ इंची चाकासाठी असतो, ज्याची रिम ७०० च्या रिमपेक्षा मोठी असते. त्याचे पाय पुढे भरपूर वळवलेले असतात, कारण त्या सायकलीच्या हेडचा कोन फारच निजलेला असतो. आणि त्याच्या नळीवरचे आटे इंचाला २६ असतात, तर माझ्या हेडसेटला इंचाला २४ आट्यांची नळी हवी होती. या दोहोंतला फरक हाताला पहिले दोनतीन फेरे जाणवतच नाही. नट सहज चढतो, मग अडकतो, आणि पान्याने जोर लावला की दोघांचेही आटे जातात. त्या चिमट्याविषयी मला मनापासून आदर आहे. दुधाचे चार कॅन लटकवून खड्ड्यांतून धावण्यासाठी त्याच्यासारखा दुसरा नाही. फक्त तो दुसऱ्या सायकलीचा आहे.

उंचीनंतरचा प्रश्न रेकचा, म्हणजे चाकाचा आस हँडलच्या वळणरेषेच्या किती पुढे आहे याचा. एकटा रेक काही सांगत नाही. हेडचा कोन आणि चाकाची त्रिज्या यांच्याबरोबर मिळून तो ट्रेल ठरवतो. हँडलची वळणरेषा तशीच खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जमिनीला टेकतो त्या बिंदूच्या थोडी पुढे टेकते, आणि या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. कचेरीतल्या खुर्चीचे चाक जसे ओढले की आपोआप मागे वळून सरळ होते, तसेच ट्रेलमुळे सायकलचे पुढचे चाक स्वतःला सरळ करत राहते. ट्रेल जास्त तर सायकल आपली रेघ सोडत नाही, कमी तर ती हाताच्या लहानशा हालचालीलाही वळते. ७४ अंशांच्या हेडला आणि २५ मिलिमीटरच्या टायरला रेक ३० असेल तर ट्रेल सुमारे ६५ मिलिमीटर येतो, ३५ असेल तर ६०, आणि रस्त्याच्या सायकलींना सर्रास असतो तसा ४३ असेल तर ५२. वाढत्या रेकने ट्रेल कमी होतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटे वाटते, पण कागदावर त्रिकोण काढला की लगेच पटते.

ट्रॅकवर कमी रेकचा चिमटा का शोभतो, हे यावरून कळते. बालेवाडीच्या क्रीडासंकुलातला असो की जगातला कुठलाही, वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर, सगळी वळणे एकाच दिशेची आणि कललेली असतात, कुत्रे आडवे येत नाही, रिक्षा थांबत नाही. स्वाराला हवी असते ती धरलेली रेघ आणि आखूड सायकल. रस्त्यावर त्याच आखूडपणाची किंमत पायाच्या बोटांना मोजावी लागते. पुढचे चाक वळवताना पायडलवरच्या बुटाचे टोक टायरला लागणे हा प्रकार छोट्या फ्रेमच्या अनेक सायकलींत असतो, आणि साध्या सायकलीत त्याने फार बिघडत नाही, कारण हळू वळताना पाय आडवे धरून ठेवता येतात. फिक्सीत पाय धरून ठेवता येत नाहीत. सोसायटीच्या फाटकात वळताना पायडल नेमके पुढे आले तर येणारच, आणि बूट चाकाला लागणारच. रेक ३० वरून ४५ केला तर चाक सुमारे १४ मिलिमीटर पुढे सरकते. १७० ऐवजी १६५ मिलिमीटरच्या क्रँकने (पायडलच्या दांड्याने) आणखी पाच मिळतात. बुटाच्या टोकाशी एवढे अंतर पुष्कळ होते. त्यामुळे ४० च्या आसपासचा रेक मी जवळजवळ नक्की केला होता. त्याने ट्रेल ५५ येतो, आणि तो ना सुस्त ना अचपळ असा असतो.

आता ब्रेकचे बोलले पाहिजे, कारण चिमटा निवडताना मन खरे तिथेच घुटमळते. ट्रॅकच्या चिमट्याच्या क्राऊनला भोक नसते. त्याचे पाय गोल नळीचे, क्राऊन गुळगुळीत, वर कुठे तार नाही. आणि अशी सायकल भिंतीला टेकवून ठेवली तर पाहतच राहावे. या देखणेपणाचा उगम बहुतांशी जपानच्या केरिन या ट्रॅकवरच्या शर्यतींमध्ये आहे. १९४८ साली कोकुरा येथे सुरू झालेल्या या शर्यतींवर पैसे लावले जातात, म्हणून कोणाच्या सायकलीला यांत्रिक फायदा मिळू नये यासाठी फ्रेमपासून आटेबंद हेडसेटपर्यंतचा प्रत्येक भाग मान्यताप्राप्त असावा लागतो आणि त्यावर एनजेएस या मान्यतेचा शिक्का असतो. पोलादी, बिनभोकाचे, बारकाईने घासलेले ते चिमटे जगभरच्या फिक्सीवाल्यांचे आदर्श झाले. गंमत अशी की खुद्द जपानमध्ये ब्रेक नसलेली सायकल सार्वजनिक रस्त्यावर चालवणे बेकायदा आहे. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांतही फिक्स्ड चाक हा एक ब्रेक मानला तरी पुढच्या चाकावर दुसरा ब्रेक असणे बंधनकारक आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी पदार्थविज्ञान तेच सांगते. सायकल थांबू लागली की भार पुढे सरकतो आणि मागचे चाक हलके होते. जितके जोरात थांबावे तितकी मागच्या टायरची पकड कमी. पाय रोखून मागचे चाक घसटत नेणे हे कौशल्य आहे, दिसतेही छान, पण कोरड्या रस्त्यावर पुढचा चांगला ब्रेक त्याच्या निम्म्या अंतरात सायकल उभी करतो. पावसाळी सकाळी लक्ष्मी रस्त्याला जो गेला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

ब्रेकशिवायची फिक्सी हीच अस्सल, असे मानणाऱ्यांनी ब्रिटिश सायकल क्लबांचा इतिहास पाहावा. तिथे फिक्स्ड चाक ही शहरी फॅशन नव्हती. हिवाळ्यात सराव करण्याची ती रुळलेली पद्धत होती, आणि त्या सायकलींच्या चिमट्यांना ब्रेकचे भोक, मडगार्डाच्या कड्या, कधीकधी दिव्याचा खिळाही असे. रे बूटी या स्वाराने १९५६ साली १०० मैलांची शर्यत प्रथमच चार तासांच्या आत, ३ तास ५८ मिनिटे २८ सेकंदांत, पुरी केली ती एकाच फिक्स्ड गिअरवर आणि उघड्या रस्त्यावर. मला या परंपरेतला चिमटा हवा होता: लंबगोल पायांचा, भोक असलेला, टायरभोवती श्वास घेण्याइतकी जागा ठेवणारा.

मग ट्रॅकचा चिमटा घेऊन त्यालाच भोक का पाडू नये? हा सल्ला मला अनेकांनी दिला, आणि वरवर तो वाजवी वाटतो. पण ब्रेक लागतो तेव्हा चाक मागे ओढले जाते आणि चिमट्याची नळी क्राऊनपाशी सर्वांत जास्त वाकू पाहते. त्या वेळी नळीची मागची आणि पुढची बाजू हीच सर्वाधिक ताण आणि दाब सोसत असते, आणि ब्रेकचे भोक बरोबर त्याच दोन बाजूंतून जाते. रस्त्याचे चिमटे हे शतकभर सोसत आले आहेत, कारण त्यांचा क्राऊन आणि नळीचा तळ भोक गृहीत धरून जाड ठेवलेला असतो. ज्याने ते गृहीत धरलेले नाही त्याच्या कामात आपण खिडकी पाडू नये. शिवाय ट्रॅकच्या क्राऊनखाली जागा इतकी कमी असते की २३ मिलिमीटरच्या टायरनंतर फारसे काही मावत नाही. कार्बनच्या चिमट्याला भोक पाडण्याचा तर प्रश्नच नाही. तिथे धागे तुटतात आणि ते पुन्हा सांधता येत नाहीत.

कार्बनचा विचार मी लवकर सोडला. वजनात तो पोलादाच्या निम्म्याने भरतो हे खरे, पण आजचे बहुतेक कार्बन चिमटे एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाच्या, म्हणजे २८.६ मिलिमीटर नळीचे असतात आणि माझ्या हेडमध्ये एक इंचाहून जाड नळी जातच नाही. सरळ पायांच्या चिमट्यांनीही थोडा वेळ मोह घातला. १९८० च्या दशकात कोल्नागो या इटालियन कंपनीने तसा पोलादी चिमटा रूढ केला. त्यात पाय सरळ असले तरी ते क्राऊनपासूनच पुढे झुकलेले असतात, त्यामुळे रेक शून्य होत नाही, फक्त डोळ्यांना दिसत नाही. वाकलेले पाय जास्त धक्के शोषतात, या समजावर माझा फारसा विश्वास नाही. धक्के टायर शोषतो. पण जुन्या, लग (नळ्यांच्या सांध्यांवरच्या पोलादी टोप्या) असलेल्या फ्रेमला टोकाशी हळूच वळलेले पायच शोभतात, आणि एवढे सौंदर्य मी स्वतःला माफ केले.

शेवटी जो चिमटा घेतला तो क्रोमोली पोलादाचा, रेक ४०, उंची ३७४, एक इंची नळी अजून आटे न पाडलेली, क्राऊनला पुढून मागे ६ मिलिमीटरचे भोक. मूळ अंदाजापेक्षा सहा मिलिमीटर उंची जास्त, म्हणजे हेडच्या कोनात एक तृतीयांश अंशाची घट आणि ट्रेलमध्ये दोनेक मिलिमीटरची वाढ. त्याच्या बदल्यात २८ चा टायर मोकळेपणाने बसतो. फिक्सीवर खड्डा आला तर पायडल थांबवून, खोगिरावरून उठून, सायकल अंगाखालून जाऊ देता येत नाही, म्हणून पुण्याच्या रस्त्यांवर मी चिमट्याच्या ताठपणापेक्षा टायरच्या हवेला अधिक मान देतो.

तो आल्यावर आधी सरळपणा तपासला. खात्रीचे चाक बसवून ते क्राऊनखाली मधोमध येते का ते पाहायचे, मग तेच चाक उलटे बसवून पुन्हा पाहायचे. चूक दुसऱ्या बाजूला सरकली तर दोष चाकात, त्याच बाजूला राहिली तर दोष चिमट्यात. नंतर नळीचा मध्य आणि आस बसतो त्या दोन्ही खाचांचा मध्य सुतळीने जोडून एका डोळ्याने निरखले. पास झाला.

क्राऊनच्या बैठकीचा व्यास २७ मिलिमीटर निघाला, तर माझ्या मनातल्या हेडसेटची कडी २६.४ ची होती. बैठक कापून लहान करता येते, त्याचे खास हत्यारही असते, पण धातू काढून टाकण्यापेक्षा २७ ची कडी असलेला हेडसेट घेणे मला शहाणपणाचे वाटले. बाकीची दोन कामे भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात करायची होती, आणि तिथल्या काकांनी चिमटा हातात घेऊन पहिलाच प्रश्न विचारला, "चाक कुठाय? ब्रेक कुठाय? ते आणा, मग मशीन चालू करतो." मी दोन्ही पिशवीतून काढल्यावर त्यांनी चाक बसवले, ब्रेक भोकात धरला, आणि त्याचे रबर रिमवर नेमके बसते याची खातरी करूनच पुढे बोलले. बोल्टपासून रिमच्या घासपट्टीपर्यंतचे अंतर ५१ मिलिमीटर भरले. ४७ ते ५७ पल्ल्याच्या ब्रेकला ते चपखल बसते.

पहिले काम मागच्या भोकाचे. आजचे ब्रेक लांब नळकांडीसारख्या नटाने आतून आवळले जातात, आणि त्या नटासाठी क्राऊनचे फक्त मागचे तोंड ८ मिलिमीटरचे करावे लागते; पुढचे ६ चेच राहिले पाहिजे, नाहीतर ब्रेक डुलू लागतो. काकांनी चिमटा व्ही आकाराच्या ठोकळ्यांवर आडवा बांधला, आधीच्या भोकात सळई घालून ड्रिलची रेघ जुळवली, आणि मागच्या भिंतीपुरतेच ड्रिल खाली सोडून थांबले. ड्रिलने आत उठलेली धारदार कड गोल कानशीने काढून टाकली.

दुसरे काम नळी कापून आटे पाडण्याचे, आणि त्यात मी काकांपेक्षा जास्त हट्टी निघालो. हेडची नळी ११५ मिलिमीटर, हेडसेट ३८, एकूण १५३. वरचा नट पूर्ण आवळता यावा म्हणून दोन मिलिमीटर कमी करून १५१ वर कापायचे. आटे मात्र फक्त वरच्या ३० मिलिमीटरमध्ये. काकांचे म्हणणे होते की जरा जास्तच पाडून ठेवावेत, पुढेमागे उपयोगी पडतील. पण नळीची भिंत वर १.६ मिलिमीटरच जाड असते आणि इंचाला २४ या हिशेबाचे आटे तीतून जवळजवळ ०.६५ खातात, म्हणजे आटे असतील तिथे एक मिलिमीटरही उरत नाही. स्टेमचा, म्हणजे हँडल धरणाऱ्या दांड्याचा, पाचर आतून फुगून नळीला दाबतो, तो या पातळ भागात फुगला तर आट्याच्या दरीतच तडा सुरू होतो. पाचर नेहमी आट्यांच्या खाली, कोऱ्या नळीत बसला पाहिजे. हे मी कागदावर काढून दाखवले, तेव्हा त्यांनी डायच्या मागे नळीचा मार्गदर्शक तुकडा लावला, तेल सोडले, आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असे करत तीस मिलिमीटरला हात थांबवला. नट बोटांनी फिरत खाली गेला.

रंगाचा निर्णय त्या मानाने सोपा होता. क्रोमची झळाळी मला आवडते, पण मुलामा चढवताना कणखर पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि नंतर नीट भाजून तो बाहेर काढला नाही तर पोलाद ठिसूळ होते. ही काळजी जिथे घेतली जाईल याची खातरी नव्हती तिथे चिमटा द्यायला मन धजले नाही. पावडर कोटिंग करून घेतले, बैठक, आटे आणि ब्रेकची भोके आधी झाकून. वर मात्र एका जुन्या रंगाऱ्याकडून, काळ्या सायकलींवर असते तशी, दोन्ही पायांवर बारीक सोनेरी रेघ ओढून घेतली.

आता ४६ आणि १७ दात्यांवर ही सायकल कात्रजच्या जुन्या घाटातून उतरते तेव्हा ताशी ४० किलोमीटरला पाय मिनिटाला सुमारे ११७ फेरे मारत असतात, आणि त्या वेळी डाव्या हाताने ब्रेक हलकेच धरून वेग तिथेच रोखणे हे पायांवर केलेले उपकार असतात. चिमटा ब्रेकखाली थरथरत नाही, वळणात हात सोडवत नाही. पावसाळ्यासाठी मडगार्डही त्याच ब्रेकच्या बोल्टावर टांगला आहे, पण २८ चा टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये उरलेल्या फटीत खेड-शिवापूरकडची लाल माती अडकून बसते आणि चाक घासू लागते, म्हणून जून लागला की पुढे २५ चा टायर चढवतो.